ॲक्रिलिकची शेपटी

बारामतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवायला लागले, तेव्हा आमच्या विभागप्रमुखांना रोबो-माशाचा नाद लागला होता. कल्पना तशी वाईट नव्हती. शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद कुठं फाटलाय, ते पाण्याखाली जाऊन बघायचं. फिरतं पातं शेवाळात गुंततं, कागदालाही लागतं. म्हणून शेपटीनं पोहणारं यंत्र हवं. पण सरांनी उभ्या जन्मात मासा हातात धरला नव्हता. कॅलेंडरवर शोभेल अशी शेपटी त्यांनी कागदावर काढली आणि जाड ॲक्रिलिकमधून कापून आणली. निळी, चकचकीत, फळीसारखी ताठ.

मी इंदापूरच्या बाजारात गेले. मासे कापणाऱ्या मावशींकडं चिलापीची शेपटी मागितली.

"नुसती शेपटी घिऊन काय करनार, बाई?"

कारण सांगितल्यावर त्यांनीच ती वाकवून दाखवली. "बुडाला घट हाय बगा, आन् कडंला पार कापडावानी."

तशीच शेपटी मी सिलिकॉनमध्ये ओतली, बुडाशी जाड आणि कडेला पातळ. सरांनी ती दोन बोटांत उचलली. "हे काय, चपलेचा तुकडा?"

प्रात्यक्षिक कळस गावाला ठरलं, एका बागायतदार आबांच्या तळ्यावर. पाहुणे, फेटे, फोटोग्राफर, सगळा थाट. सरांनी रोबो पाण्यात सोडला. शेपटी उजवीकडं गेली की तोंड डावीकडं. पुढं वीतभरही नाही. सर घाम पुसत "बॅटरी, बॅटरी" करत राहिले.

आबा शांतपणे म्हणाले, "सर, ह्यो जाग्यावरच मुंडी हालवतोय. न्हाय म्हनतोय का काय?"

लोक हसले. मी रोबो काठाला ओढला, दोन स्क्रू काढले आणि पिशवीतली माझी शेपटी बसवली. तो डुलत डुलत सरळ पलीकडच्या काठाला जाऊन टेकला.

मागं वळते तर सरांच्या हातात माइक. "निसर्गाचं बारकाईनं निरीक्षण करायचं, ही माझी पहिल्यापासूनची पद्धत!"

माझा उल्लेख आला तो आभारात, मांडववाल्याच्या नंतर. त्या माणसाची कीव करावी, तर तेवढीही त्याची लायकी नव्हती. पण टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मीही वाजवल्या, चांगल्या जोरात. नोकरी कायम व्हायची होती ना. त्या माझ्या टाळ्यांची मात्र मला अजून किळस येते.