थोंगदीची नळी आणि मनगटावरचे धागे

सायपिनताईचं निम्मं आयुष्य नवऱ्यापुढची कच्च्या माशाची थाळी ओढून घेण्यात गेलं. त्या माशातल्या किड्यांनी पुढे पित्तनळीचा कॅन्सर होतो, हे आमच्या थायलंडातल्या खोन काएनकडे शाळेतली पोरंही सांगतात. तिचा नवरा थोंगदी ऐकायचा आणि खायचा.

शेवटी तो पिवळाधमक झाला. खाजवून खाजवून अंग सोलून निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सर काढता येणार नाही, पण तुंबलेल्या पित्तनळीत जाळीची नळी बसवू. खाज जाईल, चार घास जातील. "थंडी वाजून ताप आला तर नळी तुंबली समजा. त्याच दिवशी आणा."

नळी बसली, डोळ्यांतला पिवळेपणा गेला आणि थोंगदी बरा झाला असं गावानं ठरवून टाकलं. आजारपणात भटकलेला जीव अंगात परत बोलवायला सगळे जमले, त्याच्या मनगटांवर पांढरे धागे बांधले. तीन दिवस तोडायचे नाहीत, नाहीतर जीव पुन्हा निसटतो. त्याचा धाकटा भाऊ खामसिंग कच्चा मासा घेऊन आला, लिंबू पिळलेला, आंबट लाल मुंग्या घातलेला.

"वहिनी, मुंग्यांनी शिजलाय तो!"

"मुंग्या स्वयंपाक करत असतील तर मला सुट्टी द्या की, भावजी," म्हणत ताईनं सगळा मासा कढईत ओतला. पाहुणे हळहळले. थोंगदी रुसून पांघरुणात शिरला.

पुढे दोन दिवस ताईचा पहारा स्वयंपाकघरावर. तिसऱ्या दिवशी पांघरूण ओढलं तर माणूस भट्टीसारखा तापलेला, दात वाजतायत.

"कधीपासून?"

"परवापासून."

"आणि बोलला नाहीत?"

"मागच्या वेळी दवाखान्यात सलाईन लावताना नर्सनं मनगटावरचे धागे कापले होते. आज संध्याकाळी तीन दिवस भरतात, तोवर थांब ना."

ताईनं त्याला तसंच उचलून खामसिंगच्या गाडीत घातलं.

डॉक्टरीणबाईंनी जुन्या नळीत दुसरी नळी घातली. रक्तात जंतू गेले होते. "परवा आणायला हवं होतं. आता औषध लागू पडतं का बघू."

"मासा नव्हता हो दिला मी," ताई म्हणाली.

"माशाचा संबंध नाही. कॅन्सरची गाठ नळीत वाढलीय."

नर्स सुई घेऊन आली. थोंगदीनं हात छातीशी धरला.

"राहू देत धागे, आजोबा. दंडात लावते. आधी सांगायचं ना."

"ऐकलंत?" ताई म्हणाली. पुढे तिला भांडताही येईना. तो ग्लानीत गेला होता.