जाळीजवळची जागा

चेन्नईत वेलचेरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागते. हॉलची खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत येते, आणि बेडरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते. तिथून पाइप दिसतात आणि खालच्या मजल्यांवरच्या फोडण्यांचे वास येतात. स्वयंपाकघराला वॉशिंग मशीनपुरती बाल्कनी आहे, पण तिथेही ऊन पोचत नाही. नवऱ्याची बदली इकडे झाली म्हणून आम्ही नाशिक सोडलं. फ्लॅट पाहायला आलो तो दिवेलागणीनंतर. सगळे दिवे लावलेले होते, फरशी चकचकीत होती, स्टेशन जवळ होतं. आम्हाला घर आवडलं.

मी घरूनच काम करते, पुस्तकांची मुद्रितं तपासते. नवरा सकाळी गेला की मी टेबलाशी बसायची ती तो परत येईपर्यंत. बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय हे मला मोबाइलवर पाहून कळायचं. हळूहळू जेवणाच्या वेळा ढळल्या, मग झोप. ओळीवरून डोळे फिरत, पण चूक दिसत नसे. एकदा दूध उतू गेलं आणि मी ओट्यापाशी उभ्या उभ्या रडले. रडणं दुधासाठी नव्हतं हे मलाही कळत होतं, पण कशासाठी होतं ते सांगता येईना. नवरा म्हणाला, "आईकडे जाऊन ये थोडे दिवस." गेले. तिथे बरं वाटलं. परत आल्यावर आठवडाभरात पुन्हा तेच. मला वाटलं, माहेरची ओढ असेल, भाषा येत नाही म्हणून असेल.

शेवटी अड्यारला एका डॉक्टरबाईंकडे गेले. रक्ताच्या तपासण्या ठीक होत्या. त्यांनी हलकं औषध लिहून दिलं आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या घरात ऊन कुठून येतं?"

"ट्यूबलाइट आहे," मी म्हणाले. थोडा रागही आला. मी झोपेबद्दल विचारायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगळ्या खोल्यांतून फिरले. ऊन कुठेच नव्हतं. कचऱ्याची पिशवी ठेवायला दार उघडलं, तर कॉरिडॉरच्या टोकाला, लिफ्टच्या पलीकडे, सिमेंटच्या जाळीतून उन्हाचे चौकोन फरशीवर पडले होते. तिथे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर समोरच्या फ्लॅटमधल्या वयस्कर बाई बसल्या होत्या. इतके दिवस मला त्यांचं दार माहीत होतं, त्या नव्हत्या.

"या, बसा," त्या मराठीत म्हणाल्या. मी चकित झालेली पाहून म्हणाल्या, "तुम्ही आईशीं फोनावर बोलतांत, तें ऐकलें मी. आम्हीही मराठीच. तंजावरचे."

त्यांचं मराठी जुन्या पोथीतल्यासारखं होतं आणि चाल तमिळची. काही शब्द मला कळायचे नाहीत, माझे त्यांना. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या. नुंगंबाक्कममधलं त्यांचं बैठं घर पाडून तिथे दुकानं झाली, आणि त्या मुलासोबत इथे राहायला आल्या. "तेथें तिण्णै होती," त्या म्हणाल्या. तिण्णै म्हणजे दारालगतचा ओटा. "येणारा-जाणारा दिसे. कोणी बोले, कोणी न बोले. येथें आंत बसलें कीं वाटतें, मी कोणाला दिसतच नाहीं."

मी माझी खुर्ची आणली. दुपार कलली की समुद्रावरचा वारा जाळीतून आत येई. उंचावरच्या रुळांवरून गाडी जाताना दिसे, आणि कधी तरी दलदलीकडे निघालेले पांढरे पक्षी. आम्ही फार बोलत होतो असं नाही. मी कागद मांडीवर घेऊन तपासायची, त्या भाजी निवडायच्या. लिफ्टमधून उतरणारे आधी नुसते बघत, मग हसत, मग दोन मिनिटं थांबत. मला रात्री झोप लागू लागली.

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले आणि इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, ही सगळ्यांची जागा आहे. उद्या आग लागली तर माणसं पळणार कुठून? खुर्च्या आत घ्या."

त्यांचं चुकत नव्हतं. आम्ही खुर्च्या आत घेतल्या. चार दिवसांत माझी झोप पुन्हा बिघडली. औषध चालू असूनही बिघडली, तेव्हा मी घाबरले.

बाईंनी विषय महिन्याच्या मीटिंगमध्ये काढला. मी सोबत गेले, पण तोंड त्यांनीच उघडलं. सगळं तमिळमध्ये चाललं होतं, कोण काय म्हणालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "आग लागली तर कुठून पळायचं ते तुम्ही सांगितलंत. आग लागत नाही त्या दिवशी आम्ही बसायचं कुठे, तेही सांगा."

मग तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ हळूच म्हणाले, "माझे वडील खाली पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरवर जाऊन बसतात. मला वाटायचं, त्यांना स्कूटर आवडते." एक तरुण आई म्हणाली की ती बाळाला घेऊन लिफ्टने उगाच खाली-वर करते. सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. जागा मोजायचं ठरलं. जाळीच्या भिंतीला लागून, येण्याजाण्याची वाट मोकळी सोडून, प्रत्येक मजल्यावर एक अरुंद कट्टा बांधायला मंजुरी मिळाली.

कट्ट्याने मला बरं केलं असं मी म्हणणार नाही. औषध पुढे बरेच महिने घेतलं. कामाचं टेबलही स्वयंपाकघराच्या बाल्कनीपाशी नेलं. तिथे निदान आभाळाचा तुकडा दिसतो. पण घर म्हणजे आतल्या खोल्या एवढंच मी समजत होते, ते तिथे बसून सुटलं. मला वाटत होतं माझ्या मनात काही मोडलंय. मन धड होतं की नव्हतं, ते अजून नीट ठाऊक नाही. त्याला टेकायला जागा नव्हती एवढं मात्र खरं.

गेल्या उन्हाळ्यात बाई लेकीकडे कोइम्बतूरला गेल्या. मी एकटीच कट्ट्यावर बसू लागले. एका दुपारी पाचव्या मजल्यावरची एक मुलगी आमच्या मजल्यावर आली. त्यांच्या कट्ट्यावर कोणी फोनवर मोठ्याने भांडत होतं. तिने तमिळमध्ये विचारलं, बसू का? मी सरकून जागा केली. तिला मराठी येत नव्हतं आणि मला तमिळ जेमतेम. आम्ही दोघी वाऱ्यात बसून राहिलो.