घरतच्या नाटकावर मी काढलेल्या अकरा हरकती

आता तुमच्यापासून काय लपवायचं? निम्म्या पनवेलला हा किस्सा ठाऊक आहे आणि उरलेल्या निम्म्याला तो चुकीचा ठाऊक आहे. तेव्हा मीच सांगतो. मी एका नाटकाचा काटा काढायला निघालो होतो, आणि त्याबद्दल माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. हसू नका. चहा घ्या आधी.

मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली. निवृत्त झाल्यावर आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत गेलो, कारण वाचनालयातली निम्मी पुस्तकं मी वाचली होती आणि उरलेल्या निम्म्यांवर माझं मत तयार होतं. त्याच वर्षी वाचनालयाचा अमृतमहोत्सव आला. समारंभात एक नाटक करायचं ठरलं. एकच!

आणि माझ्या कपाटात एक नाटक तयार होतं. तीन अंकी. नाव 'खरी नक्कल'. पूर्वी कचेरीच्या स्नेहसंमेलनात त्याचा एक प्रयोग झाला होता, तोही तिसरा अंक वगळून, कारण हॉल पाचपर्यंतच मिळाला होता. म्हणजे तिसरा अंक अजून कुणीच पाहिलेला नाही. केवढं नुकसान! मरायच्या आधी तो एकदा रंगमंचावर बघायचा, एवढीच माझी इच्छा होती.

मध्ये आला घरत.

हा घरत माझ्या हाताखालचा. पळस्प्याकडच्या गावातला. अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसला. 'सदर' कुठे लिहायचं आणि 'उपरोक्त' कुठे, हे या पठ्ठ्याला मी शिकवलं. त्याचा एकही मसुदा मी लाल पेन्सिल लावल्याशिवाय पुढे पाठवला नाही. आणि या घरतनं नाटक लिहावं? बरं, लिहावं तर लिहावं, ते गाजावं?

'पळस्पे फाटा' हे त्याचं नाव. दोन पुरुषांच्या प्रेमाचं नाटक. एक कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर कारकून, दुसरा शाळामास्तर. दोघं पनवेलात एका भाड्याच्या खोलीत राहतात, मास्तरच्या घरून लग्नाचा तगादा सुरू होतो, वगैरे. मुंबईच्या वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने. कुणी 'धाडसी' लिहिलं, कुणी 'हळुवार'. दाढी करायला बसलो तर न्हावी वस्तरा थांबवून म्हणाला, "नाना, तुमच्या घरतचं नाटक बघितलंत का?" तुमच्या घरतचं! गळ्याशी वस्तरा होता म्हणून मी गप्प राहिलो.

कहर म्हणजे आमची ही महिला मंडळाबरोबर जाऊन ते बघून आली. मी विचारलं, "कसं होतं?"

"हं."

लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. हिच्या 'हं'चे सगळे प्रकार मला पाठ आहेत. हा नवीन होता. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं, आणि हिला ते कळलंही नाही. मी जेव्हा हिला 'खरी नक्कल' वाचून दाखवलं होतं, तेव्हा हिनं दोन किलो मटार सोलले होते. एक दाणा इकडचा तिकडे गेला नव्हता.

मला मत्सर वाटला का? छे हो! मला फक्त दुपारी डोळा लागला की घरतचा हार घातलेला फोटो दिसायचा. आणि जाग आल्यावर उशाशी पडलेल्या वर्तमानपत्रातही तोच फोटो दिसायचा.

मग कार्यकारिणीची बैठक झाली. अध्यक्ष दामलेवकील. सज्जन माणूस, पण स्वभावानं भित्रा. म्हणाले, "नाना, दोन नाटकं समोर आहेत. तुमचं आणि घरतचं. घरतचं गाजतंय खरं, पण विषय... म्हणजे दोन पुरुष... गाव काय म्हणेल? तुमचं वाचन दांडगं आहे. गुणदोषांची एक टिपणी लिहून द्या."

"अहो, पण माझंच नाटक शर्यतीत असताना मीच?"

"तुमच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणाला शंका आहे का इथे?" वकिलांनी विचारलं.

मला होती. पण टिपणीचं काम मी घेतलं.

रविवारी दुपारी वाशीला प्रयोग होता. वही घेऊन गेलो. पान मधोमध आखून डावीकडे 'गुण' आणि उजवीकडे 'दोष' लिहिलं. आता खरं सांगू? मध्यंतरापर्यंत डावीकडची जागा संपली होती! त्या दोघांची भांडणं डब्यातल्या भाजीवरून होत होती. प्रेमाबद्दल चकार शब्द नाही, आणि तरी सगळ्या नाट्यगृहाला कळत होतं. वजनकाट्यावाला मास्तरच्या सदऱ्याचं बटण शिवतो, तेवढ्यात दारात घरमालक येतो, आणि दोघं असे दचकून लांब होतात की मीही खुर्चीत मागे सरकलो. मी चिडून पेन्सिलीचं टोक मोडलं.

दोष नव्हते असं नाही. दुसरा अंक रबरासारखा ताणलेला. दोघं जवळ आले की निळा प्रकाश आणि बासरी, जणू वीज मंडळाशी तसा करारच होता. मास्तर रागावला की व्याख्यानमालेत बोलावल्यासारखा बोलायचा. मास्तरची आई येऊन दोन दिवस राहून जाते, पण तिला काही कळलं की नाही, हे लेखकालाही माहीत नसावं. आणि शेवटी दोघं पळस्पे फाट्यावर एकमेकांचा निरोप घेतात, एक गोव्याच्या गाडीत चढतो, एक पुण्याच्या. का? कुणी सांगितलंय? त्यांना वेगळं करणारं सबळ कारण नाटकात कुठेच नव्हतं.

घरी आलो. डावीकडचा रकाना कात्रीनं कापून पंचांगात ठेवला. उजवीकडचा पुढे घेतला.

आता कारकुनी विद्येतलं एक गुपित सांगतो. एखादं प्रकरण मारायचं असेल तर नकार द्यायचा नसतो. नकार दिला की माणूस वरच्या साहेबाकडे जातो. हरकत काढायची! एक नाही, भरपूर. हरकत काढली की माणूस कागद गोळा करत हिंडतो, आणि फाईल आपल्या कपाटात शांत झोपते. मी अशी कित्येक प्रकरणं झोपवली आहेत. काही अजून उठलेली नाहीत.

मी अकरा हरकती काढल्या. "दुसरा अंक अर्धा तास जादा आहे, त्याचे समर्थन व्हावे." "निळ्या प्रकाशाचे प्रयोजन स्पष्ट करावे." "आईस वस्तुस्थितीची जाणीव आहे किंवा कसे, याचा खुलासा व्हावा." आणि अकरावी, खास विषात बुडवून: "दोघांनी वेगळे होण्यास कारण दिसत नाही. लेखक ऐनवेळी घाबरला असावा. सबब, शेवटाचा फेरविचार करून नाटक पुन्हा सादर करावे."

विषयावर एक अक्षर लिहिलं नाही. विषयावर घसरणं हे कच्च्या कारकुनाचं काम. शिवाय, मनापासून सांगायचं तर विषयाला माझी काहीच हरकत नव्हती. माझी हरकत घरतला होती.

पुढच्या बैठकीत वकिलांनी टिपणी मोठ्यानं वाचली. वाचून झाल्यावर चष्मा काढला. डोळे भरलेले!

"मंडळी," ते म्हणाले, "मी स्वतः हे नाटक आज नामंजूर करायच्या तयारीनं आलो होतो. विषयामुळे. तुमच्यातलेही बरेच आले होते."

सगळ्यांनी माना हलवल्या. म्हणजे मी नुसता गप्प बसलो असतो तरी...?

"आणि इथे नानांसारखा जुन्या वळणाचा माणूस विषयाबद्दल अवाक्षर काढत नाही! उलट म्हणतो की लेखका, घाबरू नकोस, त्यांना वेगळं करू नकोस! लाज वाटली मला माझी. नाना, केवढं मोठं मन!"

टाळ्या. मी उठून खरं सांगणार होतो. पण टाळ्यांची मला तशी सवय नाही हो. बसून राहिलो.

तरी मनाशी म्हटलं, घाबरायचं कारण नाही. अकरा हरकती आहेत. घरत वर्षभर उठत नाही.

पण विसरलो काय? अहो, त्याला हरकतींना उत्तरं द्यायला शिकवलं कुणी? मीच ना!

पंधराव्या दिवशी घरत दारात उभा. हातात फीत बांधलेली फाईल. वर सुबक अक्षरात: 'हरकत क्र. १ ते ११ ची मुद्देनिहाय पूर्तता'.

"नाना, सगळं करून आनलंय. तुमी बघून घ्या."

"सगळं?"

"दुसरा अंक कापला. बासरीवाल्याला घरी पाठवला. निळा दिवा काडला." मग हा माणूस एकदम खाली बघायला लागला. "आनि अकरावी हरकत... नाना, ते तुमी बरोबर वळखलंत. मी घाबरलोच होतो. हे दोघं सुखात राहिले तर लोक दगड मारतील, असं वाटलं. मुंबईत एवढी मोठमोठी मानसं बघून गेली, पन कुनी बोललं नाय. तुमीच बोललात."

ही आतून चहा घेऊन आली आणि माझ्याकडे असं कौतुकानं बघायला लागली की मी बिस्किट चहाऐवजी पाण्यात बुडवलं.

पूर्तता झाल्यावर फाईल अडवता येत नाही. हा नियमही माझाच. सही केली.

समारंभाचा प्रयोग रविवारी चार वाजता झाला. मी आणि ही पहिल्या रांगेत. पडद्याआधी घोषणा झाली, "विशेष मार्गदर्शन: आदरणीय नाना!" आणि दुसऱ्या अंकात आई आली. ती खोली बघते. दोन खाटा जोडून ठेवलेल्या. मच्छरदाणी एकच. आता पनवेलचे डास तुम्हाला सांगायला नकोत. आई मच्छरदाणी सोडते, आणि चारही बाजूंनी गादीखाली नीट खोचत जाते, लहान मुलांना खोचतात तशी. मास्तर बघतोय, वजनकाट्यावाला बघतोय. शेवटचं टोक खोचून ती म्हणते, "दोघांना पुरते ना रे?"

बस्स. शेजारी ही पदर तोंडाला लावून हमसाहमशी रडत होती.

"अगं, ही माझी सातवी हरकत आहे," मी हळूच सांगितलं.

"गप्प बसा हो!" ती म्हणाली.

शेवटी दोघं एकाच एसटीत चढले. टाळ्या थांबेनात. मला शाल घातली. बाहेर दोन गृहस्थ उभे होते, पन्नाशीच्या पुढचे, कळंबोलीहून आलेले. त्यातल्या एकानं माझा हात हातात घेतला. "शेवट तुम्ही बदलायला लावलात म्हणे," एवढंच म्हणाला, आणि हात सोडेचना. दुसरा म्हणाला, "चल रे, बस जाईल." मी त्या पाठमोऱ्या दोघांकडे बघत राहिलो. शाल अंगावर फार जड वाटायला लागली. आपण केवढे मोठे आहोत असं वाटलं, आणि किती लबाड आहोत तेही, दोन्ही एकदम.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण दामलेवकील धावत आले. "नाना, पुढच्या वर्धापनदिनाला 'खरी नक्कल'! तिन्ही अंक! फक्त आपल्या नव्या पद्धतीप्रमाणे गुणदोषांची टिपणी लागेल. घरतकडे दिलंय."

महिनाभर मी डोळ्यांत प्राण आणून वाट बघितली. मग फाईल आली. घरत स्वतः आला नाही. भाच्याच्या साखरपुड्याला जातोय, असा निरोप पाठवला.

उघडली. गुण, फक्त एक: "अक्षर अतिशय सुंदर आहे."

दोषांच्या रकान्यात तर एक शब्दही नव्हता! मी हर्षानं ओरडलो, "अगं, दोष नाहीच म्हणतोय!"

हिनं फाईल घेतली, पान उलटलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. 'दोष' असं वर लिहून, फूटपट्टीनं रेघा आखून, घरतनं आठ कोरी पानं जोडली होती. खाली बारीक अक्षरात: "गुरूंच्या कामात हरकत काढण्याचा मला अधिकार नाही. तरी योग्य ती कार्यवाही आपल्या स्तरावर व्हावी."

हिनं चष्मा पुसला, माझ्यासमोर पेन ठेवलं आणि मटाराची टोपली ओढून घेत म्हणाली, "बसा, भरा. तुम्हाला छान जमतं ते."

बसलो. संध्याकाळी पाच वाजता नववं पान जोडावं लागलं. आणि मी अजून दुसऱ्याच अंकात होतो.