सातवीने केलेला डोईफोडे सरांचा दहावा

तेलगावच्या अलीकडे रस्त्याला लागून एक शाळा आहे. तिथे राधाकिशन डोईफोडे खेळ शिकवत. शिकवत म्हणजे पावसाळ्यापुरते. कारण दिवाळी झाली की मैदानावर संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव यांचा खरेदीचा काटा लागे, कापूस पडे, आणि कापसावर कबड्डी होत नाही. सर कामाला लागले तेव्हा अर्जुनराव म्हणाले होते, "दोन-चार महिने जाऊ द्या, कायमची ऑर्डर काढू." त्यानंतर सरांचं लग्न झालं, मुलगी झाली, ती मोठी होऊन त्यांच्याच हाताखाली लंगडी शिकली. ऑर्डर तेवढी निघायची राहिली. सासुरवाडीत जावयाची ओळख अजून 'सध्या एका शाळेवर असतात' अशीच करून दिली जाई. सरांना जगात दुसरं काही नको होतं. हे 'सध्या' तेवढं जायला हवं होतं.

यंदा अर्जुनरावांच्या मनात आलं की पोरांना हिंदू धर्माची तोंडओळख करून द्यावी. शहरातून पुस्तिका आल्या. देव, सण, चार आश्रम, सोळा संस्कार, आणि प्रत्येक पाठाखाली 'करून पाहा'. शाळेत मोकळा माणूस एकच होता, त्यामुळे धर्म सरांकडे आला.

सरांची शिकवण्याची रीत एकच: आधी आपण करून दाखवायचं, मग पोरांकडून करवून घ्यायचं. कोलांटी काय आणि संस्कार काय. मुंजीच्या पाठाला त्यांनी वर्गावर्गात भिक्षा मागितली. वानप्रस्थ समजावा म्हणून ते तासभर बाभळीखाली जाऊन बसले, आणि मुख्याध्यापकांनी त्यांची अर्धी रजा मांडली. शेवटचा पाठ अंत्यसंस्काराचा होता. दहनापाशी सरांनी स्वतःला आवर घातला आणि थेट दहाव्याला हात घातला.

"सर, पण मेलंय कोण?" सातवीतल्या करिष्माने विचारलं.

प्रश्न रास्त होता. युवराज वर्गाचा मॉनिटर. तो आपला आजा द्यायला तयार झाला. पण आज्याला त्याच्या दहाव्याला पहिल्या झटक्यात कावळा शिवला होता, आता उगाच परत बोलावणं बरं दिसेना.

"आमची आज्जी लई दिस झालं हातरुणात हाय," करिष्मा म्हणाली. "चालंल का?"

"नको," सर म्हणाले. "मीच मेलोय असं समजा."

छबुबाई शाळेची खिचडी रांधत. त्यांनी काही न विचारता पिवळ्या भाताचा एक मुटका काढून दिला. युवराजने तो कुंपणाच्या भिंतीजवळ विटेवर ठेवला आणि सरांचं नाव घेतलं. गोत्र सरांना ठाऊक नव्हतं, म्हणून पुस्तिकेत नमुन्यादाखल दिलं होतं तेच घेतलं. सगळ्या वर्गाने हात जोडले.

एरवी पोरांच्या ताटात चोच घालणारे कावळे. त्या दिवशी ते निंबावर बसून नुसते बघत राहिले.

तास संपला. सर पिंड उचलायला वाकले, तोवर बंकटआबा आले. आबा कापूस घालायला आले होते. आसपासच्या गावांतला एक दहावा त्यांनी कधी चुकवलेला नव्हता.

"कोण गेलं?" आबांनी विचारलं.

"डोईफोडे सर," पोरं म्हणाली.

"कवा?"

"तिसऱ्या तासाला."

आबांनी टोपी काढली. मग त्यांना सर दिसले. "आन् मंग हे कावून उभे हाईत?"

"शिकवायला, आबा," सर म्हणाले. "नुसतं प्रात्यक्षिक हाय."

"कायबी असू द्या. नाव घेऊन ठिवलेला पिंड शिवल्याबिगर उचलायचा न्हाई. जित्या माणसाला तर ते अजाबात परवडायचं न्हाई."

"मग दर्भाचा कावळा करू."

"ते बोलायला कुणी नसंल तवा. हितं समदं गाव हाय. काय इच्छा ऱ्हायली ते बोला."

बोलता बोलता काट्यावरची माणसं, मुख्याध्यापक, रस्त्याने जाणारे दोघं-चौघं असे सगळे भिंतीपाशी जमले. सर समोरच उभे होते, पण त्यांनाच विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही. मेलेल्याला विचारायची रीत नाही.

मुख्याध्यापकांनी सुरुवात केली. "सर, आपली कबड्डी आमी जिल्ह्याला नेऊ." कावळे बसूनच. कुणी म्हणालं, परळीच्या मेव्हण्याने नेलेली मोटारसायकल परत आणू. ही गोष्ट गावाला माहीत आहे, हे सरांना तेव्हाच कळलं. कुणी लग्नात कबूल करून न शिवलेला कोट शिवायचं म्हणालं. कुणी गुडघ्याला परळीच्या मोठ्या डॉक्टरला दाखवू म्हणालं. सरांनी उभ्या उभ्या आपलं सगळं आयुष्य ऐकून घेतलं. त्यातल्या काही इच्छा ते विसरूनही गेले होते; आठवण करून दिल्यावर मात्र वाईट वाटायला लागलं.

"आरं, नोकरीचं बोला की," आबा म्हणाले.

सगळे काट्याकडे वळून बघू लागले. अर्जुनरावांना यावं लागलं. त्यांनी निंबाकडे तोंड करून हात जोडले. "सरांच्या प्रश्नावर संस्था सकारात्मक आहे."

पुढच्या फांदीवरच्या कावळ्याने पाठ फिरवली.

"दादा, ही सभा न्हाई," आबा म्हणाले. "त्याला शब्द लागतो."

"बरं. जूनमधी ऑर्डर काढू."

कावळा उतरून भिंतीवर बसला. इतक्या वर्षांत सरांची बाजू घेणारं कुणी पहिल्यांदाच पुढे आलं होतं.

"कोणत्या जूनमधी?" करिष्माने विचारलं.

"ते बघू की पुढं."

कावळा परत निंबावर.

"बघा बरं, दादा," गर्दीतून कुणी हळूच म्हणालं. "मोकळा न्हाई झाला तर जीव हितंच घोटाळंल. तुमच्याच कापसात."

अर्जुनरावांनी कापसाच्या ढिगाकडे पाहिलं. मान पुसली. कावळा पुन्हा भिंतीवर आला आणि मान तिरकी करून ऐकू लागला.

"ठीक हाय," अर्जुनराव म्हणाले. "ह्याच..."

तेवढ्यात खिचडीच्या खोलीतून छबुबाई बाहेर आल्या. "सर, सकाळपून च्या न्हाई तुमाला. ठिवलाय, या प्यायला."

कावळा झेपावला आणि पिंड उचलून पत्र्यावर गेला.

आबांनी टोपी घातली. "शिवला. च्यात जीव अडकलेला बिचाऱ्याचा."

"दादा 'ह्याच' म्हणाले होते," सर म्हणाले.

"कावळा कशावर आला ते समद्यांनी बघितलं, सर," अर्जुनराव मायेने म्हणाले. "आता धर्माच्या आड मी कसा येऊ?"

माणसं कापसाकडे गेली. आंघोळ करावी लागेल का, असं युवराजने विचारलं. पुस्तिकेत तसं होतं. सगळी सातवी टाकीवर आंघोळीला गेली आणि गणिताचा तास बुडाला.

पुढच्या आठवड्यात सर अर्जुनरावांच्या घरी गेले. ऑर्डरचा 'ऑ' तोंडातून निघायच्या आत अर्जुनरावांनी आत हाक मारली, "सरांना च्या आणा. निव्वळ दुधाचा."

चहा आला.

"घ्या सर. मनात काई ठिवायचं न्हाई."

सरांनी घोट घेतला. चहा फारच चांगला झाला होता. आणखी अर्धा कप मागावा असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि अर्जुनराव त्यांच्याकडेच बघत होते.