पोत्याआडून ऐकलेला आवाज

गोंडपिपरी तालुक्यातल्या त्या गावात मनसाराम ढिवराइतका जाळ्यावर हात बसलेला माणूस नव्हता. पण चार वर्षं झाली, तळ्यातून जाळं वर येऊ लागलं की त्याला दोरात गुंतलेली मनगटं दिसायची. मग तो मान फिरवून बायकोला म्हणायचा, "रीता, तू ओढ."

मनगटं गोकुळाची होती.

त्या वर्षी तापानं गावातली दोन लेकरं गेली. दोघांनाही गोकुळानं झाडपाल्याचा काढा पाजला होता. त्यातल्या एकाच्या बापाचं नाव खुशाल. गोकुळानं करणी केली, असं तो म्हणाला आणि गाव उठलं. तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या, हरिदासच्या, डोक्यावर पोती घालून दोघांना चौकातल्या खांबांशी उभं केलं. मनगटांना आणि छातीभोवती दोराच्या गाठी मारायला मनसारामला हाक मारली. मग काठ्या चालल्या. हरिदास त्यानंतर अंथरुणातून उठलाच नाही. दोन महिन्यांत गेला. केस झाली, पण गोकुळाला कोणी दिसलं नव्हतं आणि ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी तोंड उघडलं नाही. ती आरमोरीला भावाकडे निघून गेली.

या उन्हाळ्यात ती परत आली. तिच्यासोबत माधवी नावाची एक कार्यकर्ती होती. दर रविवारी माधवी समाजमंदिरात बैठक घ्यायची. आपल्यावर काय बेतलं, आपण काय केलं, तेवढंच सांगायचं, एवढंच तिचं म्हणणं. पहिले दोन रविवार सतरंजीवर चारसहा बायाच बसल्या. मनसाराम समाजमंदिराचा रस्ता टाळून शेतातून फिरून घरी जायचा.

एका सकाळी गोकुळाच तळ्याच्या काठावर आली.

"मनसारामभाऊ, एक विचारू काय?"

त्यानं हातातलं जाळं खाली ठेवलं.

"मले बांधत होते तवा कोणीतरी कानाशी कुजबुजलं. छाती फुगवून धर बाई, मंग दोर ढिला पडते, म्हणे. सारं गाव होतं तिथं, तो कोण होता, तुमाले माहीत असन. आरमोरीले मी रोज त्याची आठवण करो. एवढ्या गावात एक तरी आपला होता, असं वाटे."



"मीच होतो," तो म्हणाला. तिचा चेहरा सैल पडलेला पाहून तो घाईनं पुढे बोलला, "पुरं आयका, बाई. तुमी छाती फुगवली. तेवढ्यात खुशालनं माह्याकडं पाह्यलं. बरोबर बांधून राह्यला ना, म्हणे. मंग मी खांबाले पाय लावून दोर आवळलो. हरिदासभाऊले बी मीच बांधलो. त्याच्या कानाशी तं काईच नाई बोललो."



"काऊन सांगितलं मले?"

"तुमी विचारलं."

"तो एक आवाज होता माह्यापाशी," ती म्हणाली. "तो बी घेतला तुमी."

थोडं पुढे जाऊन ती थांबली आणि मागे न बघताच म्हणाली, "रविवारी या. सगळ्यायसमोर सांगा."

रविवारी तो गेला आणि खांबाला पाय लावल्याचंही त्यानं सांगितलं. बोलताना त्यानं हात मांडीखाली दाबून धरले. तो थांबला तेव्हा रीता हळूच बोलली, "मी दारातून पाह्यलं. अन् घरात जाऊन भात मांडला." मग कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "पोती माह्या घरची होती." खुशाल दाराबाहेर उभा होता. "माहं लेकरू गेलं होतं," एवढंच म्हणून तो निघून गेला. गोकुळानं त्याला थांबवलं नाही.

पुढच्या बैठकीत ती हरिदासबद्दल बोलली. त्याला माशाचे काटे काढता यायचे नाहीत, ती काढून द्यायची. धान रोवण्याच्या वेळी तो बेसूर गाणी म्हणायचा. बाया हसल्या की आणखी मोठ्यानं म्हणायचा. मनसाराम खाली मान घालून ऐकत होता. एका गावात उभी हयात गेली आणि त्या माणसाबद्दल त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

पावसाळ्यात गोकुळानं तिच्या शेतातल्या बांधीत धान लावलं. रीता आणखी दोघींना घेऊन रोवायला गेली. मनसारामला गोकुळानं बोलावलं नाही, तोही गेला नाही. पण तळ्याकडे जाताना त्या बांधीजवळ त्याचे पाय अडायचे. चिखलात वाकलेल्या बायांच्या मधून कुणी पुरुष बेसूर गात असल्यासारखं वाटायचं. एका रविवारी त्यानं तेही सांगून टाकलं.

गोकुळानं त्याच्याकडे पाहिलं.

"कोणतं गाणं?" तिनं विचारलं.

हरिदासचं एकही गाणं त्याला ठाऊक नव्हतं.