मासवडीच्या कडा

माझं लगीन पंच्याऐंशी साली झालं, निरगुडसरात. मालकांचं नाव सोपान. नाव घेतलं म्हणून कुणी नाक मुरडू नये, सांगायचं म्हणलं तर नाव घ्यावंच लागतंय. वेल्डिंगला हात सोन्यासारखा, पण जेवायला बसले की राग नाकावर. भाकरी जरा करपली की "कुत्र्याला घाल", कालवण पातळ झालं की "ह्यात पोहायचं का?" मी पण काय गरीब गाय नव्हते. पण सासूबाई समोर बसलेल्या असायच्या, म्हणून गिळायचे.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पावणं आले आणि मी मासवडी केली. आमच्याकडं मासवडी न्हाई तर पावणचार झालाच न्हाई म्हणतात. बेसन शिजवायचं, गरम हाय तवरच ओल्या फडक्यावर हातानं थापायचं, वर तीळ, खोबरं, कांदा-लसणाचं सारण भरायचं, फडकं उचलून गुंडाळी करायची आणि वड्या कापायच्या. पीठ निवलं की फुटतं, म्हणून तळहात पोळले तरी थांबायचं न्हाई. गुंडाळीच्या दोन्ही टोकांना सारण पोचत न्हाई, तिथं नुसतं पीठ असतं. त्या कडा. त्या दिवशी ह्यांच्या ताटात चुकून एक कड गेली. पावण्यांदेखत ह्यांनी ताट सरकवलं. "आमच्यात पीठ वाढत्यात व्हय?" म्हणले आणि उठून गेले.

तवापासून कड कुणाच्या ताटात गेली न्हाई. बाया सगळ्यांच्या मागनं जेवायला बसायच्या, तवा त्या कडा मी खायचे, रश्शात बुडवून. त्याचं मला काय वाईट वाटत व्हतं असं न्हाई. आईला तसंच खाताना बघितलं व्हतं.

सत्त्याण्णव साली हे मस्कतला गेले. एका खोलीत आठ माणसं आणि स्वैपाकाची ज्याची त्याची बारी. ह्यांची बारी शुक्रवारी. ज्या माणसानं घरात पाण्याचा तांब्या हातानं घेतला न्हाई, त्यानं पहिल्याच शुक्रवारी डाळ कच्ची ठेवली आणि भात जाळला. सगळ्यांनी मिळून शिव्या घातल्या म्हणं. मला कळलं तवा मी लई हसले. खोटं कशाला बोलू?

गावात फोन दलीचंदशेठच्या दुकानात. शेठनं निरोप धाडला की मी पदर सावरत पळायचे. पहिल्यांदा तब्येतपाण्याचं बोलणं व्हायचं, मग हळूहळू सगळं बोलणं चुलीपाशी यायला लागलं. पिठल्याला गुठळ्या का होतात, भाकरीला पाणी किती. एकदा हे म्हणले, "मासवडी करायची हाय. तीळ किती घेऊ?"

"अंदाजानं घ्या."

"अंदाज म्हणजे किती? वाटी का मूठ?"

आता हात जाईल तेवढं घेणाऱ्या बाईनं काय सांगावं? दुकानात गूळ-चहापत्ती घ्यायला आलेली माणसं कान देऊन ऐकत व्हती. शेठची बायको प्यारीबाई म्हणली, "कुशाबाई, फोनवरून मालकाला स्वैपाक शिकवता होय? आमच्या ह्यांना चहा पण येत नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

असंच महिना-दोन महिने गेले आणि एका शुक्रवारी ह्यांचा फोन आला. आवाज काय नेहमीचा नव्हता.

"कुशे, आज मासवडी जमली. सगळ्यांना मधल्या वड्या वाढल्या. शेवटाला मी बसलो तर माझ्या ताटात दोन्ही कडा. नुसतं पीठ गं. तू इतकी वर्सं हेच खात व्हतीस का?"

"दुकानात माणसं हाईत, ठेवा आता," मी एवढंच म्हणले.

"आल्यावर तुला बसवून वाढणार हाय. मधली वडी," हे म्हणले, आणि फोन ठेवला. घरी येईस्तोवर माझं पाऊल जमिनीवर नव्हतं. पण हे मी कुणाला सांगितलं न्हाई, ह्यांना तर न्हाईच.

दोन हजार एकला हे दोन महिन्यांच्या सुट्टीवर आले. तिसऱ्या दिवशी मी रानातून आले तर सासूबाई ओट्यावर तोंड फुगवून बसलेल्या. दारात भावकीतल्या चार बाया पदर तोंडाला लावून हसत उभ्या. आत हे चुलीपुढं मांडी घालून, पुढ्यात ओलं फडकं, गुंडाळी झालेली, हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. मला बघून लहान पोरासारखे हसले. "बस. आधी तू जेवायचं."

सासूबाई बाहेरून म्हणल्या, "बस की राणीसायब. आता लुगडं पण त्यालाच धुवाया दे."

माझं टाळकंच फिरलं. राग कुणाचा आला व्हता आणि काढला कुणावर. "उठा आधी," मी म्हणले. "गावात माझं हसं करायला आलात का?"

"एक वडी खा. मग उठतो."

मी फडक्याचं टोक धरून हिसकलं. गुंडाळी चुलीपुढच्या राखंत पडली आणि फुटली. तीळ, खोबरं, सगळं राखंत. हे हात धुवून भाईर गेले. रात्री मी वाढलेली भाकरी मुकाट्यानं खाल्ली, करपली व्हती तरी.

त्याच्यामागं फोन यायचे. "हाय ठीक. पोरं बरी हाईत ना?" एवढंच. तीळ किती, मीठ किती, कधी इचारलं न्हाई. पुढच्या सुट्टीला आले तवा स्वैपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला न्हाई. मी दोनदा म्हणून बघितलं, "करा की मासवडी, आता कोण हसतंय?" हे म्हणले, "तुझ्या हातचीच बरी." रागानं म्हणले न्हाईत, म्हणून जास्त लागलं.

दोन हजार सहाला ह्यांना परत आणलं ते अंगावरून वारं जाऊन. उजवा हात, उजवा पाय गेला, बोलणं बोबडं झालं. मस्कतच्या खोलीतला ह्यांचा सोबती भगवंत, अवसरी बुद्रुकचा, भेटायला आला. त्याला मी मासवडी केली. खाता खाता तो म्हणला, "वहिनी, चांगली झाली, पण सोपानदादाच्या हातची न्यारीच. आमी आठवडाभर शुक्रवारची वाट बघायचो. मधली एक वडी दादा बाजूला काढून ठेवायचा, कुणाला हात लावू द्यायचा न्हाई. ही घरची म्हणायचा. सकाळी मग कुणीतरी खाऊन टाकायचं." मी रश्शाचं पातेलं आणायच्या निमित्तानं उठून आत गेले आणि चुलीपाशी बसून रडले.

एकदा मी पीठ शिजवून, फडकं ओलं करून ह्यांच्या पुढ्यात ठेवलं. डावा हात धरून थापायला लावला. एका हातानं कितीसं व्हणार? पीठ निवलं, भेगा पडल्या. ह्यांनी हात काढून घेतला आणि मान हलवली. परत मी तसं केलं न्हाई.

सासूबाई आता न्हाईत. आमी दोघं शेजारी बसून जेवतो. मासवडी केली की हे डाव्या हातानं आपल्या ताटातली मधली वडी माझ्या ताटात सरकवतात आणि मी खाईस्तोवर घास उचलत न्हाईत. मी खाते. सारण भरपूर असतं, तिखट-मीठ बरोबर असतं. पण ती माझ्याच हातची. ह्यांच्या हातची कशी लागायची, ते मस्कतच्या त्या खोलीतल्या सात परक्या माणसांना ठाव हाय, मला न्हाई.