सोलापूर, अक्कलकोट आणि दिवेलागणीची हजेरी

काकू न्हाणीघरात पडल्याचं शेजारणीनं फोनवर सांगितलं आणि मी पुण्याहून सोलापूरची सकाळची गाडी धरली. या वेळी त्यांना घेऊनच यायचं, असं ठरवूनच निघाले. तुम्ही जाणार असाल तर उन्हाळा टाळा आणि स्टेशनपासून तिथल्या शुक्रवार पेठेपर्यंतच्या रिक्षाचं भाडं आधी ठरवा.

काका राजकारणातले. तरुणपणीची कितीतरी वर्षं त्यांनी तुरुंगात काढली. सुटून आले तेव्हा मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते. एकदा दिवेलागणीला, एरवी नवऱ्याचं नाव कधीच न घेणाऱ्या काकूंनी खणखणीत हाक मारली, "विश्वनाथ मल्लप्पा!" तुरुंगातली संध्याकाळची हजेरी काकांनी घरीही चालू ठेवायला सांगितली होती. आतून आवाज आला, "हाय." मला वाटलं, मलाच म्हणाले. मी म्हटलं, "हॅलो अंकल." काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "मोजणारे त्यांच्यासाठी मोजतात, पोरी. 'हाय' आपण आपल्यासाठी म्हणायचं. ज्यांनी ते सोडलं, ते आतच संपले."

काका गेल्या वर्षी वारले. तरी मी पोचले त्या संध्याकाळी, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी माझ्यापुढे ठेवून, काकूंनी हाक मारली. घर गप्प. काकूंनी मात्र ऐकल्यासारखी मान हलवली. मी पुण्याचा विषय काढला.

"ते हितंच हायत की," काकू म्हणाल्या. "मी तिकडं आल्यावर हजेरी कोण घेणार?"

दुसऱ्या दिवशी त्यांना अक्कलकोटला नेलं. एसटी भरपूर आहेत, सकाळी दर्शनाला गर्दीही कमी असते. दिवेलागणीच्या आत परतायचं, एवढीच काकूंची अट. पण परतताना वळसंगच्या पुढे एसटीचं टायर बसलं. सगळे खाली उतरले. पाय दुखत होता म्हणून काकू बसून राहिल्या, आणि मी त्यांच्याजवळ. दूर शेतात एक दिवा लागला. शेवटी काकूंना राहवेना, तेव्हा त्यांनी तिथूनच हाक मारली, "विश्वनाथ मल्लप्पा!"

"हाय."

आवाज मागच्या बाकावरून आला. वळून पाहिलं तर सगळे बाक रिकामे. तेवढ्यात कंडक्टर दारातून डोकावले. "मागं कोन हाय अजून? उतरा की खाली."

काकू पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "म्हंजी घराला बांधलेले न्हाईत ते. चल, येते तुझ्यासंगं."

पुण्याला येऊन आता महिना होत आला. सोलापूरहून आणलेली चटणी संपली, चादरी वाटून झाल्या. उरली ती हजेरी. मी इतकी वर्षं एकटी राहिले. संध्याकाळी आपल्या नावानं कुणी हाक मारणं काय असतं, हे विसरूनच गेले होते. आता काकू काकांच्या पाठोपाठ माझंही नाव घेतात. आधी मला हसू यायचं. काल कणीक मळताना हाका आल्या आणि मी मोठ्यानं म्हटलं, "हाय."

काकू थबकल्या. देवापुढच्या दिव्याकडे बघत जरा रागानंच म्हणाल्या, "दोगं एकदम बोलू नगा. मोजताना चुकतं."